दोन वर्द्यांच्या मधला वेळ: अग्निशमन आणि बचाव कर्मचाऱ्यांचे शरीर व मन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय ३४ आहे, मराठवाड्यातील एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात तुम्ही फायरमन आहात आणि पाळी चोवीस तासांची आहे. उन्हाळ्यात जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आगीवर काम करताना तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून ताकद वाढवण्यासाठी तुम्ही जिम लावली. पण थकवा कमी होण्याऐवजी वाढला. त्यातच पाच आठवड्यांपूर्वी विहिरीतून एका लहान मुलाचा मृतदेह काढावा लागला आणि तेव्हापासून झोप लागत नाही, घरात बारीकसारीक गोष्टींवर चिडचिड होते. शरीर कणखर कसे करावे आणि ताण कसा हाताळावा, असे दोन प्रश्न तुम्ही वेगवेगळे विचारले आहेत. आपत्कालीन विभागात काम करणारा डॉक्टर म्हणून, आणि अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका व पोलीस कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात अनेक वर्षे सहभागी असलेला माणूस म्हणून, मी या दोन्हींचे उत्तर एकत्रच देणार आहे, कारण बहुतेक वेळा दोन्हींचे मूळ एकच असते: दोन वर्द्यांच्या, म्हणजे मदतीसाठी आलेल्या दोन बोलावण्यांच्या, मधल्या वेळात शरीर पूर्वपदावर येत नाही आणि तशाच अवस्थेत पुढची वर्दी येते.

घंटा वाजली की झोपेतल्या माणसाची नाडी काही सेकंदांत उसळते, रक्तदाब चढतो, स्नायूंकडे रक्त धावते, पचन थांबते. ही शरीराची चूक नाही. याच व्यवस्थेच्या बळावर तुम्ही दोन मिनिटांत बंबावर चढता. प्रश्न असतो तो नाडी आणि रक्तदाब पुन्हा खाली येण्याचा. पाळीत चार-पाच वर्द्या आल्या, मध्ये नीट जेवण नाही, पाणी नाही, झोप नाही, तर शरीर दिवसभर चढलेलेच राहते; पुढे सुटीच्या दिवशीही ते उतरायला तयार होत नाही. अशा शरीरावर जिमचा भार टाकला तर त्यातून ताकद तयार होत नाही, थकव्यात भर पडते. तुमच्या बाबतीत हेच झाले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

तरीही व्यायामाकडे वळण्यापूर्वी तपासणी करून घ्या. ‘चौतिसाव्या वर्षी कसली तपासणी’ असे म्हणू नका. अमेरिकेत कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडणाऱ्या अग्निशमन जवानांपैकी निम्म्याच्या आसपास मृत्यू अचानक उद्भवलेल्या हृदयविकाराने होतात, भाजून किंवा धुराने नव्हे. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांच्या एकूण कामाचा अगदी थोडा वेळ जातो, तरी हृदयविकाराच्या मृत्यूंचा मोठा वाटा त्याच थोड्या वेळात पडतो. भारतीय माणसाला हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो, हे लक्षात घेतले तर आपल्याकडे काळजी अधिकच घ्यायला हवी. रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, ईसीजी आणि कमरेचा घेर एवढे पाहायचे आहे. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब वारंवार १४०/९०च्या वर येत असेल, तर आधी उपचार सुरू करावेत आणि मगच जड व्यायामाचा विचार करावा. घरात कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा वय चाळिशीच्या पुढे असेल, तर चालत्या पट्ट्यावरची टीएमटी चाचणीही करून घ्यावी. यातील बहुतेक तपासण्या जिल्हा रुग्णालयात होतात. तंबाखूविषयी एकच सांगतो: चुना लावून गालात ठेवलेला विडा झोप घालवायला उपयोगी वाटतो, पण तो नाडी आणि रक्तदाब वाढवतो आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतो, आगीवर जाताना हृदयाला नेमके हेच नको असते.

आता उष्णतेकडे येऊ, कारण मराठवाड्यात सगळ्यात मोठा शत्रू तोच आहे. मे महिन्यात परभणी, नांदेडचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा दुपारी फायर सूट, हेल्मेट, बूट आणि पाठीवर दहा-पंधरा किलोचा बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठीचा हवेच्या सिलिंडरचा संच) घेऊन काम करणाऱ्या माणसाचा घाम बाहेर पडतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. जिनिंगच्या आगीत तर वरून ज्वाळा विझल्या तरी कापसाच्या गाठी आतून तासन्‌तास धुमसत राहतात. प्रत्येक गाठ ओढून काढायची, फोडायची, भिजवायची, पुन्हा पसरायची. पहिल्या अर्ध्या तासाचा आवेश ओसरल्यानंतरच्या या रटाळ कामात माणसे पडतात, कारण ‘आग आटोक्यात आली’ असे सगळ्यांनी मानलेले असते आणि विश्रांतीकडे कोणाचे लक्ष नसते. तुम्हाला अंधारी आली तीही गाठी ओढताना, असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे मला आश्चर्य वाटले नाही.

अशा ठिकाणी विश्रांतीची जागा ठरवून घ्यावी लागते. बंबाच्या सावलीत, धुराच्या उलट्या बाजूला, ताडपत्री बांधून एक कोपरा करा. बीए सेटची दोन छोटी सिलिंडरे संपली, किंवा सेटशिवाय ४० मिनिटे जड काम झाले, की माणसाला किमान २० मिनिटांसाठी त्या कोपऱ्यात पाठवा. ‘मी ठीक आहे’ हे त्याचे म्हणणे ग्राह्य धरू नका. तिथे आल्यावर कोट पूर्ण उघडायचा, हेल्मेट-हूड काढायचे आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसायचे. हाताच्या पंज्यातून आणि मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागातून रक्त मोठ्या प्रमाणात वाहते. ते गार होऊन परत फिरले की आतले तापमान उतरू लागते. नुसते तोंडावर पाणी मारल्याने बरे वाटते, पण तापमान तितके उतरत नाही. १५-२० मिनिटांनंतर नाडी मोजा. ती मिनिटाला ११०च्या खाली आली नसेल, तर त्या माणसाला परत पाठवू नका; तासाभराने पुन्हा पाहा. नाडी उतरतच नसेल किंवा छातीत जडपणा असेल, तर रुग्णालयात न्या. दोन बादल्या, एक ताडपत्री, रक्तदाबाचे यंत्र आणि एक वही एवढे साहित्य कोणत्याही केंद्राला परवडते.

पाणी किती प्यावे हेही सांगायला हवे. अशा कामात तासाला एक ते दीड लिटर घाम सहज जातो. दर १५-२० मिनिटांनी एक पेलाभर, म्हणजे साधारण २५० मिलिलिटर, पाणी प्यावे. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी रिचवू नये, कारण नुसत्या पाण्याचा भडिमार झाला तर रक्तातील सोडियम घसरते, आणि तेही जिवावर बेतू शकते. काम तासाभरापेक्षा जास्त चालणार असेल तर ओआरएस द्यावे, तेही पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात मिसळून. मीठ घातलेले ताक उत्तमच. कामाआधी आणि नंतर वजन करण्याची सवय लावली तर फार उपयोग होतो: एक किलो वजन घटले याचा अर्थ लिटरभर पाणी भरून काढायचे आहे. लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडत आहे. पण मोठ्या श्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर ती स्नायूंची झीज मूत्रपिंडात उतरल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उष्माघात ओळखण्याची एक खूण प्रत्येक फायरमनने पाठ करून ठेवावी: माणूस असंबद्ध बोलू लागतो, उगाच भांडतो किंवा झोकांड्या खातो. श्रमामुळे झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते, त्यामुळे घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बंबात पाणी आहे; तिथल्या तिथे कपडे काढून त्याला भिजवा, बर्फ मिळाल्यास मान, काखा आणि जांघेत ठेवा, वारा घाला आणि १०८ला बोलवा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले की नाही यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते, म्हणून थंड करणे आधी आणि हलवणे नंतर. शरीराला उष्णतेची सवयही लावता येते. मार्चपासून रोज थोडा थोडा वेळ वाढवत उन्हात हलके काम केले, तर एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. दोन-तीन आठवडे खंड पडला तर हा फायदा बराचसा ओसरतो. म्हणून एप्रिलमध्ये दीर्घ रजेवरून परतलेल्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी पुढे पाठवू नये.

याच संदर्भात महिला कर्मचाऱ्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. बंदोबस्तावरच्या महिला पोलीस आणि १०८वरच्या महिला डॉक्टर पाणी पिणे टाळतात, कारण ड्यूटीच्या जागी स्वच्छतागृह नसते. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा आणि उन्हाळ्यात उष्माघात अशी साखळी तयार होते. अशा वेळी ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगून भागत नाही. बंदोबस्ताच्या आराखड्यात स्वच्छतागृहाची जागा लिहिणे हे अधिकाऱ्याचे काम आहे, आणि ते त्याने केलेच पाहिजे.

आता व्यायाम. तुम्ही जिममध्ये आठवड्याचे सहा दिवस वजन उचलत आहात आणि पाळीच्या दिवशीही सोडत नाही. हे थांबवा. अग्निशमनासाठी सर्वांत आधी लागतो तो दम. अनेक देशांत या सेवेसाठी धरली जाणारी किमान पातळी शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला ४२ मिलिलिटर प्राणवायू वापरता येणे ही आहे, आणि ती मोठ्या दंडांमुळे येत नाही. आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे भरभर चाला, सायकल चालवा किंवा हळू धावा. वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. हा व्यायाम तुम्हाला फारच सोपा वाटेल, पण विश्रांतीतली नाडी उतरते आणि श्रमानंतर ती लवकर खाली येते ती याच व्यायामामुळे. दोन महिन्यांनी, तपासण्या ठीक असतील तर, त्यातल्या एका दिवशी चार मिनिटे जोरात आणि तीन मिनिटे सावकाश अशा चार फेऱ्या घ्या.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस पुरतात, आणि त्यासाठी केंद्रातच सगळे साहित्य आहे. वाळूने भरलेले पोते जमिनीवरून उचलणे आणि खाली ठेवणे, दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन ५० मीटर चालणे, गुंडाळलेला होज (पाण्याचा पाइप) खांद्यावर घेऊन जिने चढणे, दोराने टायर ओढणे, जोर आणि बैठका. १०८च्या कर्मचाऱ्यांनी पोते उचलण्यावर आणि कंबरेच्या स्नायूंवर अधिक भर द्यावा, कारण वाड्याच्या अरुंद जिन्यातून किंवा शेतातल्या चिखलातून स्ट्रेचर काढताना कंबर जाते; तिथे उचलण्याआधी एकाने मोठ्याने आकडे म्हणणे आणि गुडघ्यातून वाकणे, एवढ्याने बरीच दुखणी टळतात. प्रत्येक व्यायामात आणखी दोन वेळा करता आले असते अशा टप्प्यावर थांबायचे. पाळीच्या दिवशी ताकदीचा व्यायाम निम्म्यावर आणायचा, कारण त्या दिवशीचा खरा व्यायाम कोणत्या क्षणी सुरू होईल ते तुम्हाला माहीत नसते. जिममधून तुम्हाला व्यायामाआधी घ्यायची पावडर दिली असेल तर ती बंद करा; तिच्यात सहसा भरपूर कॅफिन असते, आणि झोप न येणाऱ्या माणसाने ती घेणे योग्य नाही.

आहाराविषयी थोडेच सांगतो, कारण आपला आहार मुळात वाईट नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, अंडी, ताक आणि हिरवी भाजी असा डबा कोणत्याही महागड्या डब्यातल्या पावडरीपेक्षा चांगला आहे; फक्त डाळ, उसळ किंवा अंड्यांचे प्रमाण वाढवा, कारण शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. बिघडते ते रात्री बाराच्या वडापाव आणि दर तासाच्या चहाने.

झोपेकडे मात्र सविस्तर पाहायला हवे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, आणि आपल्या देशात वाहनचालकासाठी मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. चोवीस तासांनंतर ही घसरण दुपटीच्या आसपास जाते. असे असताना अनेक फायरमन आणि १०८चे पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचे चालक, पाळी संपली की दुचाकीवर बसून तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावी निघतात. आगीतून सुखरूप बाहेर आलेली माणसे घरी जाताना रस्त्यावर गेलेली आमच्या विभागाने पाहिली आहेत. पाळी संपल्यावर केंद्रातच वीस मिनिटे झोपा, उठल्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटे थांबा, कारण गाढ झोपेतून उठल्यावर डोके तेवढा वेळ जड असते, आणि मग निघा. जमल्यास एसटीने जा.

घरी गेल्यावर पूर्ण दिवस झोपू नका. अंधाऱ्या खोलीत दीड ते तीन तास झोपा आणि रात्री नेहमीच्या वेळी पुन्हा झोपा. सुटीच्या दिवसांत उठण्याची वेळ एकच ठेवा. चहा-कॉफीतील कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मे शरीरात उरते, म्हणून झोपायच्या वेळेआधी सात-आठ तास चहा बंद करावा. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि स्वप्ने वाढतात. वाईट वर्दीनंतर दारू घेणाऱ्यांची तक्रार नेमकी हीच असते. केंद्रप्रमुखांना एक विनंती: घंटा एकदम कर्कश वाजवण्याऐवजी काही सेकंदांत चढत जाणारा आवाज लावता आला तर लावा. ते खर्चिक नाही, आणि झोपेतल्या हृदयावर बसणारा धक्का त्याने कमी होतो.

आता त्या विहिरीकडे येऊ. मराठवाड्यातल्या अग्निशमन कर्मचाऱ्याला विहीर चुकत नाही. गळ टाकायचा, दोर बांधलेली बाज सोडायची, काठावर शंभर-दोनशे माणसांची गर्दी, निम्म्यांचे मोबाइल चालू, आणि वर आईचा आक्रोश चाललेला असतो तो खाली पाण्यात उतरलेल्या माणसाला भिंतींवरून घुमून दुप्पट मोठा ऐकू येतो. असे काम करून आल्यानंतर काही दिवस ते दृश्य डोळ्यांपुढे येणे, झोप मोडणे, भूक न लागणे, दचकणे, हे स्वाभाविक आहे. तो दुबळेपणा नाही आणि आजारही नाही. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत आपोआप आराम पडतो.

अशा कामाचा मनावरचा ओरखडा कमी करण्याच्या काही रीती आहेत. खाली उतरणाऱ्यांची संख्या आवश्यक तेवढीच ठेवावी. ज्याच्या घरी त्याच वयाचे मूल आहे, त्याला पर्याय असल्यास उतरवू नये. चेहऱ्याकडे रोखून पाहू नये, नाव-गाव विचारू नये. ते पोलिसांचे काम आहे. दप्तर, चप्पल, खेळणे अशा वस्तू हाताळणे शक्य तितके टाळावे, कारण मनात बहुधा त्याच घर करून राहतात. वर येताच मृतदेह झाकावा. त्यात मृताचाही मान राहतो. गर्दी दूर नेण्यास पोलिसांना आधीच सांगावे. घटनेचे फोटो आणि व्हिडिओ कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरवणे पूर्ण थांबवावे, कारण प्रत्येक वेळी ते दृश्य नव्याने भोगले जाते, आणि जो त्या दिवशी पाळीवर नव्हता त्यालाही विनाकारण ते पाहावे लागते.

वर्दीवर जाताना बंबात बसल्या बसल्या करण्यासारखी एक गोष्ट आहे. नाकाने चार सेकंद श्वास घ्या आणि सहा सेकंद सोडा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. सोडण्याचा वेळ लांबला की नाडी उतरते आणि हाताची थरथर कमी होते. मात्र रोज दहा मिनिटे शांत वेळी याचा सराव केला असेल तरच ऐन वेळी ते साधते. उरलेल्या वेळात कोण काय करणार याची वाटणी मोठ्याने बोलून घ्या. काम ठरलेले असले की भीतीला मोकळी जागा कमी मिळते.

वाईट वर्दीनंतर केंद्रात परतल्यावर आंघोळ, गरम जेवण आणि सोबत, एवढे आधी करा. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे. ज्याला नाही, त्याला गप्प बसू द्यावे. काही ठिकाणी सगळ्यांना गोल बसवून ‘काय वाटले ते सांगा’ अशी सक्तीची बैठक घेतली जाते. हेतू चांगला असतो, पण अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा वाढतो, असे अभ्यासांतून दिसून आल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका असे सांगते. कामात काय चुकले, काय जमले यावरची तांत्रिक चर्चा वेगळी. ती जरूर करावी. मनासाठी बरी पद्धत अशी की एका ज्येष्ठ, विश्वासू सहकाऱ्याने तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने प्रत्येकाला एकट्याने गाठून विचारावे: झोप कशी आहे, जेवण जाते का, घरी कसे चालले आहे. पहिल्या दिवसांत मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या घेऊ नका; त्या ताणाचा उपचार नाहीत आणि त्यांची सवय लागते.

आपल्या भागात आणखी एक ओझे आहे, ज्याविषयी प्रशिक्षणात फारसे कोणी बोलत नाही. शेतकरी आत्महत्येच्या घटनेवर जाणारा पोलीस शिपाई किंवा १०८चा पायलट स्वतःही बहुधा शेतकऱ्याच्याच घरातला असतो. दारात उभे राहताच त्याला तेच अंगण, तेच कर्ज, तशीच आई दिसते. या माणसाला अनोळखी अपघातापेक्षा कितीतरी अधिक त्रास होतो, आणि तो वर्षभर साचत जातो. त्याच्या वरिष्ठांनी अशा वर्द्यांची नोंद ठेवावी आणि एकाच माणसावर त्या पुन्हा पुन्हा येऊ नयेत हे पाहावे. तसेच गणवेश नसलेल्यांचाही विचार व्हावा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात दगड-मातीच्या ढिगाऱ्यांत पहिले हात घातले ते वाचलेल्या गावकऱ्यांनीच, आणि आजही पुरात पहिला दोर टाकतात ती गावातलीच पोरे. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनामा करून जातो. त्या पोरांना झोप लागते का, हे आशा ताईंनी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी विचारायला हवे.

तुमच्याबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो. पाच आठवडे झाले आहेत, झोप परतलेली नाही आणि घरात चिडचिड वाढली आहे. महिना उलटूनही दृश्य डोळ्यांपुढे येणे, त्या रस्त्याने जाणे टाळणे, सतत सावध राहणे किंवा कोणाशी जवळीक न वाटणे यांपैकी काही चालू असेल, तर वाट पाहण्याची मुदत संपली आहे, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. जाणे लगेच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटण्याचा विचार एकदाही आला असेल, तर दिवसही दवडू नका; आजच फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा. या त्रासावर चांगले उपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशनाची साधारण ८ ते १२ सत्रे होतात, गरज पडल्यास औषधे दिली जातात, आणि उपचारानंतर पुन्हा पूर्ण क्षमतेने बंबावर चढणारे लोक मी पाहिले आहेत.

‘वरिष्ठांना कळले तर नोकरीवर गदा येईल’ ही भीती तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे; कायद्याने सांगितलेल्या मोजक्या परिस्थिती सोडल्या तर डॉक्टर ती तुमच्या संमतीशिवाय कार्यालयाला देऊ शकत नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्या कारणाने काढून टाकता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. तुमचा त्रास तिथवर पोहोचलेलाही नाही. रजा हवी असेल तर डॉक्टरांकडून वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या. जिनिंगच्या आगीत आलेली अंधारी आणि विहिरीची वर्दी या दोन्हींची तारीख-वेळेसह केंद्राच्या नोंदवहीत नोंद आहे का तेही पाहा. अंधारीचा उल्लेख त्यात नसेल तर केंद्रप्रमुखांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा. पुढे कधी हा त्रास कामातूनच झाला हे दाखवण्याची वेळ आली, तर हाच कागद उपयोगी पडेल.